चौदा खिडक्यांचं एक माप

महेश जेजुरकर पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं आरेखक होते. धरणाची, पाटाची, चारीची चित्रं काढायची आणि त्यावर मापं टाकायची, हे आरेखकाचं काम. पुढे साहेब सही करतो, ठेकेदार जेवतो, पाणी त्याला वाटेल तिकडे जातं. नकाशा मात्र बरोबर असतो. जेजुरकरांचे नकाशे कायम बरोबर असत. त्यांनी काढलेल्या एका चारीला बावीस वर्षांत पाणी आलेलं नाही, पण कागदावर ती इतकी देखणी आहे की खात्यात नवा इंजिनियर रुजू झाला की त्याला आधी ती दाखवतात.

असा माणूस निवृत्त होऊन इंदिरानगरातल्या फ्लॅटमध्ये बसला की घरच्यांचे हाल होतात. पहिल्या महिन्यात त्यांनी गॅसची शेगडी ओट्याच्या मध्यापासून किती सरकलीय ते मोजलं. दुसऱ्या महिन्यात बायकोच्या, म्हणजे साधनाताईंच्या, पोळीचा व्यास मोजला. तिसऱ्या महिन्यात साधनाताईंनी माहेरच्या ओळखी वापरून त्यांना शेतकरी वसतिगृहाचं चिटणीस करून टाकलं.

हे वसतिगृह म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी नाशिकच्या आसपासच्या भाजी-फुलं पिकवणाऱ्या लोकांनी बांधलेली दगडी इमारत. पूर्वी तिथे पोरं राहायची, आता पोरी राहतात. सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या अठराजणी, सगळ्या नर्सिंग शिकणाऱ्या. वरच्या मजल्यावर त्यांच्या खाटांचा एक लांब हॉल, हॉलला चौदा सागवानी खिडक्या. विश्वस्त सगळे शेतकरी. पहाटे माल घेऊन मार्केटला जाणार, दुपारी झोपणार, आणि बैठकीला आले तर चहा झाल्यावर उठणार. चिटणीस व्हायला रिकामा माणूस पाहिजे, एवढीच त्यांची अट होती. जेजुरकर त्या अटीत चपखल बसले.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाच्या वेळी वरच्या एका खिडकीची झडप निखळली आणि खाली प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीवर पडली. पाहुणे उशिरा येणार होते म्हणून वाचले. लोकांना ताटकळत ठेवण्याचा कोणाला झालेला हा एकमेव फायदा. अध्यक्ष धोंडीराम अण्णा, वय अठ्ठ्याहत्तर, मखमलाबादकडे गुलछडी पिकवतात. त्यांनी मोडलेल्या खुर्चीकडे बघितलं, मग वर बघितलं.

"महेश, खिडक्या बदलून घे."

"घेतो अण्णा."

इतकं सोपं बोलणं झालं. पुढचे दहा महिने या चार शब्दांत बसत नव्हते, हे दोघांपैकी कोणालाच कळलं नाही.

पहिला सल्ला सोसायटीतूनच मिळाला. खालच्या मजल्यावरचा योगेश सरकत्या खिडक्या विकतो. जिन्यात गाठून तो म्हणाला, "काका, लाकूड कोण घालतं आता? आपल्याकडे यूपीव्हीसी आहे, सागाच्या रंगाचं. ओळखूच येत नाही."

"हात लावला की ओळखू येतं."

"तर हात कशाला लावायचा?"

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या बाकावर बाकीच्यांची मतं आली. कोणी म्हणे कडुनिंबाचं लाकूड घ्या, कोणी म्हणे ग्रिल बसवा म्हणजे प्रश्न मिटला. एकाने खिडक्या बुजवून एसी लावायला सांगितलं, आणि पोरी शिकून नोकरीला लागल्या की बिल त्याच भरतील असंही वर सांगितलं. चोवीस फ्लॅटपैकी एकानेही आयुष्यात लाकडी खिडकी विकत घेतलेली नव्हती. त्यामुळे सगळ्यांची मतं ठाम होती.

जेजुरकरांनी कोणाचंच ऐकलं नसतं, पण ऐकायची वेळच आली नाही. वसतिगृहाच्या फाटकावरची बोगनवेल छाटली तेव्हा मागे एक पत्र्याची पाटी सापडली. इमारत वारसा यादीत होती. वारसा म्हणजे काय, तर जी पाडता येत नाही, आपल्या मनाने दुरुस्त करता येत नाही आणि आपोआप पडली तर जबाबदार तुम्ही, अशी वस्तू.

परवानगी ज्या कार्यालयातून काढायची, त्याचं नाव इथे देत नाही. जेजुरकरांना तिथे अजून एक कागद आणायला जायचंय. तिथे उज्वला मॅडम बसत. बाई कामाला चोख होत्या. चोख माणूस लाच घेत नाही, ही त्याची चांगली बाजू. वाईट बाजू अशी की मग तो फाईल वाचतो.

"मूळ खिडकी कशी होती?" मॅडमनी विचारलं.

जेजुरकरांनी फोटो पुढे केला.

"ही आत्ताची आहे."

"मॅडम, तीच मूळ. कधी बदललीच नाही."

"बदलली नाही याचा पुरावा?"

जेजुरकर विचारात पडले. न झालेलं काम झालं, याचे पुरावे त्यांच्या खात्यात गठ्ठ्याने निघत. पण काहीच झालं नाही याचा पुरावा त्यांच्याकडे कधी कोणी मागितला नव्हता.

"बरं, असं करा," मॅडम म्हणाल्या, "मोजमापासह नकाशा द्या. जुनी जशी आहे तशीच नवी. मिलीमीटरचाही फरक नको."

मिलीमीटर हा शब्द ऐकून जेजुरकरांना भरून आलं. निवृत्तीनंतर त्यांच्याशी या भाषेत कोणी बोललंच नव्हतं.

पुढचे दोन दिवस ते हॉलमध्ये होते. नऊ नंबरच्या खिडकीखाली खुर्ची होती, म्हणून त्यांनी नऊ नंबरची घेतली. चौकट मोजली, झडपा मोजल्या, ओळंबा लावला, बिजागरीला सहा स्क्रू आहेत आणि त्यातला एक नंतरचा आहे हेही टिपलं. पोरी येता-जाता बघत होत्या. त्यातली मीना, सुरगाण्याकडची, दुसऱ्या वर्षाची, म्हणाली, "काका, आम्हाला मृतदेहसुद्धा एवढा बारीक शिकवत नाहीत."

जेजुरकरांनी ते कौतुक समजून घेतलं. नकाशा झाला. असा नकाशा नाशिकमध्ये कोणी काढला नसेल. खाली त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं: एकूण नग चौदा, सर्व समान.

बाकीच्या तेरा त्यांनी मोजल्या नाहीत. एका हॉलच्या, एका रांगेतल्या, एका वर्षीच्या चौदा खिडक्या. त्या सारख्या नसतील असं मनात येणं म्हणजे आपल्याच पेशावर अविश्वास दाखवणं. एकतीस वर्षं ते असंच करत आले होते. चारीचा एक छेद काढायचा आणि खाली लिहायचं, 'पुढे दोन किलोमीटर असेच'. पुढे दोन किलोमीटर कोण बघायला जातंय?

पाच महिन्यांनी, मार्चच्या शेवटी मंजुरी आली. नकाशावर गोल शिक्का, बाजूला टीप: पंधरा दिवसांत काम सुरू न केल्यास परवानगी रद्द.

काम सुरू करायचं म्हणजे काय करायचं? खिडक्या तयार नव्हत्या, लाकूड घेतलेलं नव्हतं, सुतार ठरला नव्हता. पण परवानगी जाणार. जेजुरकरांनी एका रविवारी मजूर लावून चौदाच्या चौदा खिडक्या चौकटींसकट काढून घेतल्या, अंगणात नीट रचल्या, फोटो काढून मॅडमना पाठवला. काम सुरू झालं होतं. वसतिगृहाला खिडक्यांच्या जागी चौदा भोकं होती आणि पोरींची परीक्षा पंचवीस दिवसांवर होती.

सोमवारी सकाळी येऊन बघतात तर अंगण रिकामं. जेजुरकर पोलीस चौकीकडे निघाले. मीनाने फाटकातच अडवलं.

"चोरी नाही काका. विश्वस्तच आले होते पहाटे, मार्केटवरून परत जाताना. पिकअप उभ्या केल्या आणि ही आमची, ती तुमची करत घेऊन गेले. भांडण नाही काही नाही. फक्त अकराव्या खिडकीवर दोघं अडले, मग त्यांनी एक-एक झडप वाटून घेतली."

जेजुरकरांनी अण्णांना फोन लावला.

"अण्णा, जुन्या खिडक्या?"

"हां, आमची आणली मी. रोपवाटिकेला झाकण म्हणून झकास बसलीय. का रे?"

"त्या ट्रस्टच्या होत्या."

"ट्रस्ट कोणाचा आहे?"

फोन ठेवताना जेजुरकरांना एवढं समाधान होतं की भोकं तरी कोणी नेली नाहीत.

भोकांवर उपाय विश्वस्तांनीच केला. जे ज्याच्याकडे होतं ते त्याने आणलं. चार भोकांना टोमॅटोखाली अंथरतात तो चंदेरी-काळा मल्चिंग पेपर लागला, बाकीच्यांना हिरवी शेडनेट. हॉलमध्ये एका टोकाला ग्रहण लागल्यासारखा अंधार आणि दुसऱ्या टोकाला सगळ्या पोरी काविळीच्या पलीकडे गेलेल्या दिसायच्या. वारा आला की मल्चिंग पेपर रात्रंदिवस फडफडे. याच उजेडात त्यांनी परीक्षेचा अभ्यास केला. एकीने तक्रार केली नाही. तक्रार न करणाऱ्यांचंच आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान होतं, पण ते नंतर.

आता लाकूड. लाकडाच्या निवडीला अण्णा आणि आणखी चार विश्वस्त जातीने आले. जेजुरकरांना वाटलं, चला, जबाबदारी वाटली गेली.

वखारीत शिरल्या शिरल्या एकाने सागाच्या फळीत अंगठ्याचं नख रुतवून बघितलं, जसं दुधी भोपळ्यात रुतवतात. दुसऱ्याने फळीचं टोक हातात धरून भेंडीसारखं मोडायचा प्रयत्न केला. मोडलं नाही, तेव्हा तो म्हणाला, "निबर आहे." तिसऱ्याने वास घेतला. वखारवाला आधी हसला. मग अण्णा म्हणाले, "वरचं नको. तळाचं दाखव."

"अण्णा, सगळं एकच आहे."

"पन्नास वर्षं क्रेट भरतोय मी. वर काय ठेवतात आणि खाली काय, मला नको शिकवू."

सगळी थप्पी उलटली. दीड तास गेला. तळाची फळी निघाली ती जमिनीच्या ओलीने काळी पडलेली, एका कोपऱ्याला वाळवी. अण्णांनी जेजुरकरांकडे बघितलं. चेहऱ्यावर विजय नव्हता, नुसतं दुःख होतं.

"बघ. आख्खा लॉट खराब."

तळाची फळी जमिनीला टेकते म्हणून ओली होते, वरच्या चाळीस फळ्यांना काही झालेलं नाही, हे जेजुरकरांनी आकृती काढून समजावलं. अण्णांनी आकृती चांगली आहे म्हणून सांगितलं आणि वखार नापसंत केली. पुढच्या तीन वखारींत हेच झालं. तळ सगळ्यांनाच असतो. पाचव्या वखारवाल्याने यांना लांबून बघून शटर ओढलं.

शेवटी मीना म्हणाली, "माझा मामा सुतार आहे, सुरगाण्याला. त्याच्याकडे लाकूड पण आहे."

मामाचं नाव मंगळू. त्याला सरकारी घरकुल मंजूर झालं होतं, म्हणून त्याने बापाचं सागवानी घर उतरवलं होतं. घरकुल सिमेंटचं. त्यात लाकडाला जागा नव्हती, आणि तसं बघितलं तर मंगळूला पण पाय पसरून झोपायला जागा नव्हती. पण फोटोत घर पक्कं दिसत होतं. जुन्या घराचे खांब आणि तुळया अंगणात उभ्या होत्या, शंभर वर्षं वाळलेल्या. तिथे ना वर होतं ना तळ, त्यामुळे अण्णांनी फोनवरच पसंती दिली.

मंगळूने नकाशा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"हे कुठल्या खिडकीचं, सायब?"

"सगळ्या."

"चौदा भोकं मोजलीत?"

"नकाशावर शिक्का आहे," जेजुरकर म्हणाले.

मंगळूने शिक्क्याकडे बघितलं. शिक्का गोल होता. त्याने नकाशाची घडी घातली. सरकारी शिक्क्याशी वाद घालून त्याच्याकडे आजवर काही आलेलं नव्हतं.

मेच्या मध्याला पोरी सुट्टीला घरी गेल्या आणि त्याच आठवड्यात विश्वस्तांची बैठक झाली. चहानंतरही सगळे बसून राहिले, त्यावरूनच जेजुरकरांना शंका यायला हवी होती. एकाने ठराव मांडला. हॉल मोठा आहे, समोर मोकळं अंगण आहे, गाड्या लागतात. मंगल कार्यालय काढावं. लग्नाला खिडक्या लागत नाहीत, पडदे लागतात. बाकीच्यांनी माना डोलावल्या. यात वाईट माणूस कोणी नव्हता. भाव पडला की एक पीक उपटून दुसरं लावायचं, ही त्यांची सवय.

"आणि पोरी?" जेजुरकरांनी विचारलं.

"पंधरा जूनला कॉलेज उघडतं ना? तोवर खिडक्या लागल्या तर पोरी," अण्णा म्हणाले. "नाही लागल्या तर पावसात त्यांना कुठं ठेवतोस? आपापल्या गावी बऱ्या."

आपापल्या गावी म्हणजे काय, हे जेजुरकरांना माहीत होतं. शहरात खोली घेऊन राहणं त्या अठराजणींपैकी एकीलाही परवडणारं नव्हतं. नर्सिंग तिथेच थांबणार. मीना सुरगाण्याला बसून कोणाची नाडी बघणार होती?

तीस मेला खिडक्या तयार झाल्या. जेजुरकर स्वतः पिकअप घेऊन गेले. नकाशातून उठून उभ्या राहिल्यासारख्या चौदा खिडक्या. मिलीमीटरचा फरक नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कागदावर काढलेली गोष्ट जशीच्या तशी जगात आली होती.

परतताना तपासणी नाक्यावर पिकअप थांबवली. नाकेदाराने ताडपत्री उचलली.

"सागाचं लाकूड. वनखात्याचा पास?"

"लाकूड नाही, खिडक्या आहेत. हे घर उतरवल्याचा दाखला, ही आमची परवानगी."

"खिडकी आहे तर उघडून दाखवा."

मग भर रस्त्यात मंगळूने एक चौकट उभी धरली आणि जेजुरकरांनी झडपा उघडल्या. पलीकडे नाकेदार दिसला. त्याने अलीकडे बघितलं. मागे प्रवाशांनी भरलेली जीप थांबली होती, टपावरचे लोकही उतरून बघायला आले. एक म्हातारा खिडकीतून डोकं घालून म्हणाला, "हवा चांगली येते."

"कडी कुठंय?" नाकेदार म्हणाला.

"कड्या नाशिकला लावणार."

"कडी नाही म्हणजे खिडकी अपुरी. अपुरी खिडकी म्हणजे लाकूडच."

मंगळूने पिशवीतून जुनी कडी काढली, दोन खिळ्यांत ठोकली. नाकेदाराने लावून बघितली, काढून बघितली.

"ही झाली. बाकीच्या तेरा?"

"अशाच आहेत. सगळ्या सारख्या."

"एक बघून चौदा कशा मानायच्या?"

इथे जेजुरकर संतापले. एकतीस वर्षांत ते एवढे संतापले नव्हते. "अहो, एक बघितली की चौदा बघितल्या. डोळे मिटून कोणतीही उचला, फरक निघाला तर मला सांगा. मी आरेखक आहे." नाकेदाराने तरीही चौदाच्या चौदा खाली उतरवून मोजल्या, प्रत्येकीवर खडूने खूण केली, मग जाऊ दिलं. असल्या संशयी माणसांमुळे देश मागे आहे, हे मत जेजुरकरांनी नाशिक येईपर्यंत मंगळूला सात वेळा ऐकवलं. मंगळू खिडकीबाहेर बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नऊ नंबरची बसवली. अशी बसली की कागदही आत सरकला नसता. जेजुरकरांनी साधनाताईंना व्हिडिओ पाठवला.

मग दहा नंबरची उचलली. ती भोकात गेलीच नाही. अकरावी आत गेली आणि पलीकडे अंगणात पडता पडता मंगळूने धरली. बारावी तिरकी करून बसत होती, पण मग खिडकी तिरकी राहत होती. दुपारपर्यंत सगळ्या करून झाल्या. चारपाच नव्हे, तेराच्या तेरा चुकल्या. कुठे दोन इंच जास्त, कुठे तीन कमी.

जेजुरकर खुर्चीवर बसले. "भिंत सरकलीय का?"

"भिंत कशी सरकेल सायब? ही भिंत खिडकीच्या मापाची हाय." मंगळूने भोकाच्या कडेवरून हात फिरवला. "पयले खिडकी उभी केली, मग बाजूनी दगड चढवला. जशी खिडकी, तसं भोक. ह्ये एका हाताचं काम नाय. चौदा सुतार हायत इथं."

जेजुरकर तडक अण्णांच्या मळ्यात गेले. रोपवाटिकेवर नवव्या खिडकीचा मोठा भाऊ आडवा पडला होता आणि काचेखाली गुलछडीऐवजी मिरची तरारली होती.

"हो मग," अण्णा म्हणाले. "चौदा गावांनी एकेक खिडकी दिली. ज्याच्या त्याच्या गावच्या सुताराने केली, बैलगाडीत घालून आणली, आणि गवंड्याने भोवती भिंत बांधली. आमचा आजोबा सांगायचा, आमच्या गावची सगळ्यात मोठी."

"अण्णा, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे? तू नकाशा दाखवलास. चांगला होता."

घरी साधनाताईंनी ताट वाढलं. मग म्हणाल्या, "अहो, माझी पोळी मोजलीत तेव्हा चारही पोळ्या मोजल्या होत्या ना?"

जेजुरकर जेवले नाहीत.

मंगळूकडे उपाय साधा होता. मोठ्या कापायच्या, छोट्यांना पट्टी जोडायची. घराचं लाकूड अजून शिल्लक होतं. दहा दिवसांचं काम. पण शिक्क्याच्या नकाशावर 'सर्व समान' लिहिलेलं. नकाशाप्रमाणे खिडक्या ठेवल्या तर त्या भिंतीत बसत नव्हत्या, भिंतीत बसवल्या तर परवानगीत बसत नव्हत्या. आणि भिंत फोडायची तर तो वारसा.

दोन जूनला जेजुरकर मॅडमसमोर बसले.

"सुधारित प्रस्ताव द्या," मॅडम म्हणाल्या. "समिती ऑगस्टमध्ये बसेल."

"मॅडम, पंधरा जूनला पोरी येतायत. खिडक्या नसतील तर परत पाठवतील त्यांना. कायमच्या."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांनी पहिल्यांदाच फाईलकडे न बघता जेजुरकरांकडे बघितलं. "बदल असेल तर समिती. चूक दुरुस्त करायची असेल तर ते माझ्या अधिकारात आहे, आजच्या आज. पण चूक कोणाची, ते लिहून द्यावं लागेल."

"जुन्या सुतारांची लिहू?"

"ते हयात आहेत?"

"इमारतीची लिहिता येईल का?"

"इमारत सही करेल?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र लागेल. काय झालं ते सरळ लिहा. आणि ते दर्शनी भागात नव्वद दिवस लावावं लागतं, म्हणजे कोणाची हरकत असेल तर घेता येते."

जेजुरकर बाहेरच्या बाकावर बसले. समोर टंकलेखकाची टपरी होती. तिथपर्यंत वीस पावलं होती. त्यांना चाळीस मिनिटं लागली. या चाळीस मिनिटांत त्यांनी बऱ्याच गोष्टी करून बघितल्या. 'तांत्रिक कारणास्तव' लिहून बघितलं, 'मोजणीवेळी प्रकाश अपुरा असल्याने' लिहून बघितलं. सरकारी भाषेत चूक होते, पण ती कोणी करत नाही. ती पावसासारखी आपोआप पडते. त्या भाषेत त्यांची हयात गेली होती. त्यांच्या हाताखालून निघालेल्या हजार कागदांत 'मी' हा शब्द एकदाही आलेला नव्हता.

शेवटी ते टपरीवर गेले आणि उभ्यानेच सांगितलं, "लिहा. मी, महेश जेजुरकर, सेवानिवृत्त आरेखक, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की मी फक्त नऊ क्रमांकाची खिडकी मोजली. उरलेल्या तेरा खिडक्या मी मोजल्या नाहीत. त्या सारख्याच असतील असं मी गृहीत धरलं. चूक माझी आहे."

टंकलेखकाने मान वर केली. "साहेब, असं कोणी लिहीत नाही. 'नजरचुकीने' टाकू का?"

"नको. नजरच टाकली नव्हती."

मॅडमनी कागद दोनदा वाचला. संध्याकाळी पाचला आदेश निघाला: नऊ क्रमांकाची खिडकी नकाशाबरहुकूम असल्याने तिला हात लावू नये, उर्वरित तेरा प्रत्यक्ष भोकाच्या मापाने दुरुस्त कराव्यात.

विश्वस्तांच्या बैठकीत जेजुरकरांनी प्रतिज्ञापत्र उभं राहून वाचलं. आता कोणीतरी बोलेल, टोमणा मारेल, राजीनामा मागेल, म्हणून ते खाली बघत थांबले. ज्याने मंगल कार्यालयाचा ठराव मांडला होता, त्याने हात वर केला.

"आमची चौथी. ती बसते ना?"

बाकीच्यांनीही आपापला नंबर विचारून घेतला. अकराव्या खिडकीवाले दोघं पुन्हा अडले. जेजुरकरांच्या एकतीस वर्षांच्या अब्रूबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ती गेल्याचं दुःख होतंच. पण ती होती हेच कोणाला माहीत नव्हतं, हे जास्त लागलं. अण्णा उठता उठता म्हणाले, "पोरींना कळव, या म्हणावं," आणि चहा न घेता गेले.

मंगळूने हॉलमध्येच रंधा मांडला. या वेळी मापं घ्यायला जेजुरकर शिडीवर चढले. एकेक भोक, चारही बाजू, दोन्ही कर्ण. मंगळू खालून म्हणायचा, "सायब, बास," आणि ते म्हणायचे, "थांब." तेरा जूनला शेवटची झडप बसली. चौदा खिडक्या, चौदा मापांच्या. दोन दिवस झाकोळ होता, हवा दमट झाली होती.

पंधराला पोरी आल्या. अठराच्या अठरा. ट्रंका, गाद्या, घरून दिलेल्या तांदळाच्या पिशव्या. दाराशीच प्रतिज्ञापत्र लावलेलं होतं, नियमाप्रमाणे, काचेत. पोरींनी सामान खाली ठेवून ते आधी वाचलं. शिकलेल्या पोरींचा हा दोष असतो. जेजुरकर बाजूलाच उभे होते, त्यांना जायला जागा नव्हती.

वाचून झाल्यावर मीनाने मागे बघितलं. वाकून त्यांच्या पाया पडली आणि ट्रंक उचलून वर गेली.

थोड्या वेळाने ती जिन्याच्या वरून खाली डोकावली.

"काका, मी खाट बदलून घेऊ का? माझी नऊ नंबरच्या खिडकीखाली आलीय."

"का? काय झालं?"

"बाकीच्या सगळ्या उघडतात. ती तेवढी उघडत नाही."

जेजुरकर वर गेले. मंगळू शेवटच्या खिडकीला तेल लावत होता. हात पुसत तो म्हणाला, "दमट हवेत लाकूड फुगतं सायब. बाकीच्यांना मी दोन सूत मोकळं सोडलंय. हिला हात लावायचा नाय म्हणून हुकूम हाय."

जेजुरकरांनी नवव्या खिडकीला तळहात लावून ढकललं. मग खांदा लावून ढकललं. मग खिशातून टेप काढली आणि वरून, खालून, दोन्ही बाजूंनी पुन्हा एकदा मोजली.

मापाला ती बरोबर होती.